साठीनंतर अंगाला शोभतील असे, नीट शिवलेले कपडे कुठे मिळतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ६४ आहे, निवृत्तीनंतर अंग सुटलंय, पाठीला थोडा बाक आलाय, आणि दुकानात जावं तर सगळं पोरींच्या मापाचं. नांदेड-लातूरकडे चांगलं कुठं मिळेल, असा तुमचा प्रश्न आहे. मी लातूरला ३४ वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवतेय, आता माझंही वय ६१ आहे. माझं उत्तर असं की दुकान शोधू नका, शिवणारी शोधा. आणि तिच्याकडे जाताना मापाचा ब्लाउज घरीच ठेवा.

आपल्या वयाच्या बायकांचं अर्धं दुखणं त्या मापाच्या ब्लाउजात आहे. पिशवीतून काढायचा, टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, 'असाच शिव गं.' तो असतो दहा-बारा वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात पाळी गेलेली असते, चरबी कमरेवरून पोटावर आलेली असते, मणक्यांमधल्या गाद्या झिजून उंची कमी झालेली असते, खांदे पुढे झुकलेले असतात. म्हणजे पाठीला कापड जास्त लागतं आणि पुढे कमी. जुन्या मापानं शिवलं की ब्लाउज पाठीत तोकडा पडतो, वर चढतो, मागचा गळा उघडा राहतो आणि पुढे छातीखाली चुण्या पडतात. बाई दिवसभर हात मागे नेऊन ब्लाउज खाली ओढत असते आणि 'मी बेढब झाले' म्हणते. ती बेढब झालेली नसते, ब्लाउज चुकीचा बेतलेला असतो.

गेल्या चैत्रात एक निवृत्त शिक्षिका आल्या. तक्रार एकच, 'हात वर जाईना.' आधीच्या टेलरनं सैल व्हावा म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडायचा बगलेचा गोल काप, खोल कापला होता. पुष्कळ जण हेच करतात आणि इथंच चुकतं. मुंढा जितका खोल, तितका हात उचलला की अख्खा ब्लाउज हाताबरोबर वर येतो. मुंढा बगलेच्या जवळ ठेवायचा आणि सैलपणा बाहीत द्यायचा. मी त्यांना सरळ उभं केलं, मानेखालच्या मणक्यावर बोट ठेवून पाठीवरून टेप सोडला, तर जुन्या ब्लाउजपेक्षा सव्वा इंच जास्त भरलं. तेवढी पाठ वाढवली, मागच्या गळ्याला दोन बारीक टक्स, म्हणजे कापड आत दुमडून घातलेल्या शिवणी, घातल्या, खांद्याची शिवण अर्धा इंच पुढे घेतली. ब्लाउज घालून त्यांनी माझ्या फळीवरचा दोऱ्यांचा डबा खाली काढला, परत वर ठेवला. ब्लाउज जागचा हलला नाही. तोच अंगात ठेवून त्या घरी गेल्या.

तर माप अंगावरून द्या, आणि पुढची-मागची उंची वेगवेगळी घ्यायला सांगा. त्याआधी ब्रा नवी घ्या आणि तीच घालून माप द्या, नाहीतर टक्स भलत्याच जागी येतात. कटोरी (छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा) की साधे चार टक्स, हे शिवणारीला ठरवू द्या. गळा मागून फार मोठा नको, बाक असेल तर खांदा हमखास उतरतो. हुक पुढेच हवेत, आणि बोटं दुखत असतील तर मोठे. दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांगा, म्हणजे वजन वाढलं तरी उसवून सोडता येतं. कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिवायला द्या. नुसतं कापड भिजवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं. रोजच्यासाठी टू बाय टू रुबिया, म्हणजे ब्लाउजचं पातळ सुती कापड, घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पॉलिएस्टरचा ब्लाउज अंगात ठेवणं म्हणजे शिक्षा आहे.

साडीचं म्हणाल तर इरकल घ्या. कर्नाटकातल्या इलकलची ही साडी आपल्या आजीपासून सगळ्यांनी नेसलेली, सुती अंगाची, हलकी. काठ अरुंद निवडा. उंची कमी झाल्यावर रुंद काठ माणसाला अजून ठेंगणं करतो. पोटाशी निऱ्या कमी घ्या आणि उरलेलं कापड मागच्या बाजूला फिरवा. पैठणी घ्यायची असेल तर पैठणला जाऊन हातमागावरची बघा. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण खरी ओळख साडी उलटी करून पटते. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटीकडूनही सुलटीसारखाच दिसतो. मागे कापलेले, लोंबते धागे दिसले तर ती यंत्रावरची. रेशमाची शंका आली तर पदराच्या टोकाचे दोन धागे जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

रंगाबद्दल मला मनापासून बोलायचंय. दोन वर्षांपूर्वी मी पुतण्याच्या लग्नासाठी इथल्या एका मोठ्या दुकानात गेले. मी काही बोलायच्या आत पोरानं माझ्यापुढे राखाडी, पिस्ता आणि फिका बदामी असा गठ्ठा टाकला. 'मावशी, तुमच्या वयाचं हे.' मला फार लागलं ते. केस पांढरे झाले की चेहऱ्याजवळचा फिका रंग आपल्याला आजारी दाखवतो. जांभळा, मोरपंखी, डाळिंबी, गडद हिरवा हे रंग पांढऱ्या केसांवर जास्त खुलतात. मी दुसऱ्या दुकानातून डाळिंबी घेतली. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका, त्यातही नवरा गेलेल्या, म्हणतात, 'या वयात कोन बघायलंय मला?' त्यांना मी आरशासमोर नेते आणि दोन रंग आळीपाळीनं खांद्यावर टाकते. निवड त्यांची त्याच करतात, आणि बहुतेकदा गडदच. फिका रंग आवडतच असेल तर खुशाल घ्या, फक्त ब्लाउज गडद ठेवा.

तयार कुर्ता घेणार असाल तर खांद्यावर नीट बसणारा घ्या, पोट आपोआप झाकलं जाईल असं समजून दोन नंबर मोठा घेऊ नका. खांदा ओघळला की माणूस थकलेला दिसतो. पोटावर ताण येत असेल तर बाजूच्या चिरा खालून सुरू होणारा, थोडा घेरदार बघा. दुकानातच उलटा करून शिवणी बघा, खुर्चीवर बसून बघा. बाक झाकायचा असेल तर हिमरूचं बिनबाह्यांचं जाकीट फार शोभतं. सुती-रेशमी विणीचं असतं, अंगावर जड होत नाही.

परकराकडे कुणी लक्ष देत नाही, तुम्ही द्या. नाडी घट्ट बांधून कमरेला काळा वळ पडला असेल तर तो अंगावर काढू नका. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं कमरेला काचून झालेल्या जखमेत कॅन्सर झालेल्या दोन वयस्क बायकांची नोंद प्रसिद्ध केलीय. जखम भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. नाडीऐवजी तीन बोटं रुंद सुती पट्टा शिवून घ्या, बांधायची जागा अधूनमधून वर-खाली करा, घरात असताना सैल सोडा.

शिवणारी शोधायला नांदेडच्या वजिराबाद बाजाराच्या गर्दीत फिरू नका. तुमच्या गल्लीत, भिशीत, देवळात ज्या बाईचा ब्लाउज पाठीत सपाट बसलाय तिला विचारा, 'कुठं शिवलात?' लग्नसराईत जाऊ नका, तेव्हा आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. पितृपक्षात जा, काम कमी असतं, ती निवांत माप घेईल. पहिल्यांदा एकच ब्लाउज शिवा. आठ दिवस घाला, दोनदा धुवा, खुपतंय-काचतंय ते तिला दाखवा. तो मनासारखा झाला की मगच उरलेली कापडं तिच्याकडे शिवायला टाका.