गायीचे भ्रूण ८ पेशींवरच का अडकतात?

तुम्ही विचारलंय की प्रयोगशाळेत (आयव्हीएफने) गायीच्या अंड्यांचं फर्टिलायझेशन व्यवस्थित होतंय, दोन-चार पेशीही दिसतात, पण ८ ते १६ च्या मधे गाडी अडते, तर मीडिया (ज्यात भ्रूण वाढवतो तो पोषक द्रव) बदलू का. मी नाशिकला याच कामात आहे, आणि मी तरी बाटली बदलायच्या आधी इनक्यूबेटरमधला (भ्रूण ठेवायच्या उबदार पेटीतला) गॅस तपासेन.

याच टप्प्यावर गायीच्या भ्रूणाचे स्वतःचे जीन्स जोरात सुरू होतात, तोपर्यंत अंड्यात आईने भरून ठेवलेल्या शिदोरीवर चाललेलं असतं, त्यामुळे आधीचा सगळा त्रास इथे बाहेर येतो. तुम्ही एसओएफ (बीजवाहिनीतल्या द्रवासारखा कृत्रिम मीडिया) वापरताय, सोबत भ्रूणाला आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी नाहीत, आणि ऑक्सिजन साध्या हवेतला म्हणजे २०% च्या आसपास, हे जमत नाही हो. बीजवाहिनीत तो बराच कमी असतो. ५% ऑक्सिजन, ५% सीओटू (कार्बन डायऑक्साइड), बाकी नायट्रोजन, आणि तापमान ३८.५, माणसाच्या आयव्हीएफवालं ३७ नाही.

आता सीओटूचं. स्क्रीनवर ५ दिसलं की आपण खुश, पण नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर आहे, हवेचा दाब कमी, त्यामुळे तेवढ्याच टक्क्यात मीडियात गॅस थोडा कमी विरघळतो आणि मीडिया कमी आम्ल राहतो. फरक लहानच, ५.४ च्या जवळपास ठेवलं की भरून निघतो, पण त्यात सेन्सर जुना असला आणि दार सारखं उघडत असलं की पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) वर, म्हणजे अल्कलाइनकडे सरकतो. मीडियात फिनॉल रेड (पीएचप्रमाणे रंग बदलणारं द्रव्य) असेल तर रंग बघा, छान सॅमन गुलाबी हवा, जांभळट झाला तर अल्कलाइन झालंय. तरी डोळ्यावर विसंबू नका, रात्रभर इनक्यूबेटरमधे ठेवलेल्या डिशचा पीएच मोजा, ७.२ ते ७.४ मधे हवा. आणि हो, डिशमधे तेलाखाली ठेवलेल्या मीडियाच्या थेंबांना गॅस पोचायला वेळ लागतो, सकाळी डिश करून लगेच भ्रूण टाकत असाल तर तेही बंद करा.

दसऱ्याला मशीनची पूजा करा बिनधास्त, पण अगरबत्ती खोलीबाहेर. धूर, फिनेल, परफ्यूम सगळं तेलात उतरतं.

मीडियात सिरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घालून ब्लास्टोसिस्ट (पुढच्या टप्प्यातले पोकळी झालेले भ्रूण) लवकर दिसतात म्हणून मोहात पडू नका, वासरं अवाढव्य होण्याचा धोका वाढतो आणि फ्रीजिंगही नीट जमत नाही, त्याऐवजी बीएसए (गायीच्या रक्तातलं शुद्ध केलेलं अल्ब्युमिन प्रोटीन) बरं.

पीएच किती आला ते इथेच लिहा, मग मीडियातल्या ग्लुकोजचं बघू.