धाकट्याच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

प्रश्न : माझा थोरला नातू गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने गेला. तो तेरा वर्षांचा होता. धाकटा दहाचा आहे. ताप येण्याच्या आदल्या दिवशी मोबाइलवरून दोघांचे भांडण झाले आणि धाकटा त्याला ‘मला तू नकोच आहेस, जा कुठेतरी’ असे म्हणाला. हे त्याने आईबाबांना अजून सांगितलेले नाही. एका रात्री माझ्या कुशीत झोपला असताना मला सांगितले. ‘तुझा त्यात काही दोष नाही’ असे मी म्हटले की तो तेवढ्यापुरती मान हलवतो. त्याला वाचनाची आवड आहे. त्याच्यासाठी एखादी गोष्ट सुचवाल का? सुनेचे मत असे, की रडकी पुस्तके घरात आणूच नयेत.
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, आपल्या सुनेचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. मृत्यूविषयीची पुष्कळ बालपुस्तके खरोखरच रडकी असतात, आणि त्याहून वाईट म्हणजे उपदेशी असतात. शेवटच्या पानावर मूल शहाणे होते, एखाद्या ताऱ्याकडे बोट दाखवते आणि हसते. ज्याच्या मनात ‘मीच त्याला घालवले’ हा काटा रुतलेला आहे, त्याला असे पुस्तक अधिकच एकटे पाडते, कारण त्यातल्या मुलाला केवळ दुःख झालेले असते, त्याच्या हातून काही घडलेले नसते.

मारिया नॉज या संशोधिकेने बुडापेस्टच्या परिसरातील तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून 1948 साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पाच ते नऊ वर्षांची बरीच मुले मृत्यूला कोणी येऊन माणसाला घेऊन जाणारी व्यक्ती समजत असल्याचे तिने नोंदवले होते. पुढच्या अभ्यासांत ही कल्पना सगळीकडे आढळली नाही, हे खरे. तरीही ‘जा’ म्हटले आणि भाऊ गेला, या दोन गोष्टींची गाठ दहा वर्षांचे मूल का मारते, हे त्यावरून थोडे कळते. त्यात आपण मोठी माणसे भेटायला येऊन म्हणतो, ‘देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात.’ हे वाक्य ऐकून मागे राहिलेल्या मुलाने स्वतःविषयी काय समजावे?

नेमका हाच सल स्वीडनच्या आस्त्रिद लिंडग्रेन यांच्या 1973 सालच्या ‘द ब्रदर्स लायनहार्ट’ या कादंबरीच्या आरंभी आहे. घराला आग लागते, थोरला योनाथन आजारी धाकट्या कार्लला पाठीवर घेऊन खिडकीतून उडी मारतो, कार्ल वाचतो आणि थोरला जातो. योनाथनऐवजी हाच गेला असता तर बरे झाले असते असे गावातल्या प्रत्येकाला वाटत असणार, हे कार्ल स्वतःच सांगतो. बालसाहित्यात इतके उघडे वाक्य क्वचितच सापडेल. मात्र पुढे हे दोघे भाऊ मृत्यूनंतरच्या एका देशात भेटतात आणि कादंबरीचा शेवट तेथूनही पुढच्या देशाकडे घेतलेल्या उडीने होतो. त्या शेवटावर स्वीडनमध्ये वाद झाला होता. मला हे पुस्तक अतिशय प्रिय आहे, आणि तरीही आपल्या नातवाच्या हाती ते एवढ्यात देऊ नये असे मी सांगेन. भावाकडे जाण्याची वाट आज त्याला इतकी सुंदर दिसायला नको.

त्याच्यासाठी मी बार्बरा पार्क या अमेरिकन लेखिकेचे 1995 साली आलेले ‘मिक हार्ट वॉज हिअर’ हे छोटेखानी पुस्तक निवडेन. मिक सायकलवरून पडून गेला, हे त्याची बहीण फीबी सुरुवातीलाच सांगून टाकते, त्यामुळे वाचणारे मूल ‘वाचेल का तो?’ या खोट्या आशेवर पाने उलटत राहत नाही. मग ती त्याच्या खोड्या सांगते, आपली भांडणे सांगते, आणि आपल्याला चक्क हसू येते. तिच्या पोटात मात्र एक गोष्ट दडलेली असते : त्या दिवशी मिकने ‘माझी सायकल तू घरी ने’ अशी विनवणी केली होती आणि तिने नकार दिला होता. ती हे अखेर वडिलांपाशी बोलते, तेव्हा ते ‘तुझे काही चुकले नाही’ एवढे बोलून विषय मिटवत नाहीत; तिच्या ‘जर-तर’च्या यादीत ते स्वतःलाही घालतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला या प्रसंगात दिसते. आपले ‘दोष नाही’ हे शब्द त्याला लागू पडत नाहीत, कारण आईबाबांना सगळे कळले तर त्यांचे मत बदलेल, असे त्याला मनातून वाटत असावे. त्याला निर्दोष ठरवणारा माणूस नको आहे. ‘मीही ताप अंगावर काढू दिला, मीही त्या दिवशी रागावलो’ असे म्हणणारे घरातले कोणीतरी हवे आहे.

लोइस लोरी यांची ‘अ समर टू डाय’ (1977) ही कादंबरी दोन-तीन वर्षांनी द्यावी. त्यात एकाच खोलीत राहणाऱ्या दोन बहिणी आहेत, थोरली खडूने खोलीच्या मधोमध रेघ ओढते, आणि तिच्यावर जळणारी धाकटी पुढे तिचा रक्ताचा कर्करोग पाहते. लोरी यांची स्वतःची थोरली बहीण तरुणपणीच कर्करोगाने गेली होती.

‘मिक हार्ट वॉज हिअर’ नातवाला देण्यापूर्वी सुनेला ते वाचू द्यावे. ते इंग्रजीत असल्याने घरातल्या कोणीतरी आधी वाचून रोज थोडे थोडे मराठीत सांगितले तरी चालेल. कदाचित तेच अधिक बरे, कारण गोष्ट अंधारातही सांगता येते आणि ऐकणाऱ्याचा चेहरा कोणाला दिसत नाही. मात्र त्याची झोप किंवा जेवण तुटले असेल, किंवा ‘मला दादाकडे जायचे आहे’ असे तो एकदा जरी म्हणाला, तरी पुस्तक बाजूला ठेवून त्याच दिवशी बालमानसोपचारतज्ज्ञांना गाठावे.

फीबी वडिलांशी बोलते त्या प्रसंगापर्यंत आलात की तेथे थांबावे, ‘तुला काय वाटले?’ असे विचारू नये. तो बोलला तर ऐकावे, नाही बोलला तर दुसऱ्या रात्री पुढची गोष्ट सांगावी.