आजीचा पोळपाट आणि काठवट घरी नीट करता येईल का?

माळ्यावर सापडलेला काळा, चिकट शिसवी पोळपाट आणि काठाला चीर गेलेली काठवट, दोन्ही पुन्हा वापरात आणायचं तुम्ही विचारलंय. येतील. फक्त आधी सुताराकडे नेऊ नका. आमच्या लाटण्याला सुताराने न विचारता चकचकीत पॉलिश मारून दिलं. ते स्वयंपाकात वापरण्यासारखं राहिलं नाही आणि मला ते पूर्ण खरवडून काढावं लागलं. मळ काढायचा, लाकूड नाही.

पोळपाट पाण्यात बुडवून ठेवू नका. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि काथ्या घेऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. पाण्याचा हात दोन्ही बाजूंना फिरवायचा. एकच बाजू भिजली तर ती फुगते आणि फळी वाकते. मग उलटा करून पायांपाशी बघा. तिथे कित्येक वर्षांची कणीक दगडासारखी बसलेली असते. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवलं की दातकोरण्याने सुटते. तुम्हाला येणारा वास बहुतेक तिथलाच असेल. नंतर सावलीत, भिंतीला उभा टेकवून तीन दिवस वाळू द्या. उन्हात मुळीच नको.

वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने (लाकूड घासायच्या खरखरीत कागदाने) घासा, मग त्याहून बारीक २२०ने. पुण्यात बोहरी आळीत सुटे मिळतात. शिसवीचा भुसा नाकाला, त्वचेला झोंबतो, मास्क लावा. आता ओल्या फडक्याने पुसून पुन्हा वाळवा. हात फिरवलात तर पोळपाट खरखरीत लागेल, बारीक तंतू उभे राहिलेले असतात. ते २२०नेच हलके उतरवा. ही पायरी गाळली तर पहिल्याच धुण्यात तो पुन्हा खरखरीत होतो.

आता तेल. मी पहिल्यांदा हाताशी होतं म्हणून सूर्यफुलाचं चोळलं. महिन्याभरात चिकटा धरला आणि पोळ्यांना खवट वास यायला लागला. खाण्याची बरीच तेलं हवेने खराब होतात, धड सुकतही नाहीत. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवस तेलही नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. औषधाच्या दुकानातून साधं लिक्विड पॅराफिन आणा, बाटलीवर 'आयपी' (म्हणजे औषधी दर्जाचं) लिहिलेलं हवं आणि आत दुसरं काही मिसळलेलं नको. भरपूर लावा, रात्रभर मुरू द्या, उरलेलं सकाळी पुसा. असं तीन-चार वेळा. पहिल्या हातालाच शिसवीच्या काळ्या-तांबूस रेषा वर येतात, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवा.

काठवटीची चीर मात्र भरू नका. उन्हाळ्यात माळ्यावर लाकूड आक्रसलं, म्हणून ती पडली. आता त्यात फेविकॉल-भुसा कोंबलात तर पावसाळ्यात लाकूड फुगेल, त्याला जागा उरणार नाही आणि ताण पडून चीर पुढे सरकेल. आतून-बाहेरून तेल पाजा आणि पावसाळा जाऊ द्या. चीर वरवरची निघाली तर भाकरीचं पीठ खुशाल मळा. आरपार असेल तर पीठ आत अडकून आंबतं. मग तिच्यात गहू निवडा, लसूण-कांदे ठेवा.

पोळपाट मधे खोलगट झाला असेल आणि पोळी कडेला जाड राहत असेल, तर तेवढ्यापुरता सुतार बोलवा. रंधा तुमच्यासमोर मारून घ्या, आणि पॉलिश नको हे आधीच सांगा.