निबंधाआधीची पायपीट

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. वार्ताहराचं काम सोडून फक्त ललित निबंध लिहावेत का, असं विचारलं आहेस. सोडू नकोस. त्यापेक्षा आधी रॉबर्ट लिंड यांची कारकीर्द नीट बघ. इंग्रजी ललित निबंधाच्या धर्तीवर आपल्याकडे फडके-काणेकरांनी लघुनिबंध रुजवला. तो इंग्रजी निबंध वर्तमानपत्रांतून घडवणाऱ्यांत हा आयरिश माणूस फार मोठा.

लिंड १८७९ साली बेलफास्टमध्ये जन्मले. १९०१ मध्ये मँचेस्टरला 'डेली डिस्पॅच'मध्ये नोकरी, मग लंडन. तिथे पॉल हेन्री या चित्रकार मित्राबरोबर एकाच स्टुडिओत राहायचं आणि साप्ताहिकांना हवा तो मजकूर पुरवायचा. जोडीला आयरिश भाषा शिकवण्याचे वर्ग. १९०९ मध्ये आयर्लंडमधल्या घरगुती जीवनावर पुस्तक लिहिलं, पुढे 'डेली न्यूज'चे साहित्य संपादक झाले. ही खुर्ची सांभाळतच १९१३ पासून 'न्यू स्टेट्समन'मध्ये 'वाय. वाय.' या नावाने आठवड्याला एक निबंध, तो थेट १९४५ पर्यंत. 'वाय'चं इंग्रजी अनेकवचन उच्चारलं की 'वाइज', म्हणजे 'शहाणा', असं ऐकू येतं. बत्तीस वर्षं दर आठवड्याला विषय कुठून आणला असेल? बातमी, परीक्षण, सामना, प्रवास, राजकारण, सगळीकडून. नुसत्या स्वतःच्या मनावर सदर चालवलं तर चार-सहा महिन्यांत विहीर आटते, मग तीच आठवण वेष बदलून परत येते आणि वाचकाला ते लगेच कळतं.

त्यांचा 'प्लेझर्स ऑफ इग्नोरन्स' हा निबंध पेन्सिल घेऊन वाच. सुरुवात अगदी साध्या गोष्टीने: शहरी माणसाबरोबर एप्रिल-मे महिन्यात रानात फिरायला जावं आणि त्याला झाडं-पाखरं किती कमी माहीत आहेत ते बघून थक्क व्हावं. इथवर कुणीही लिहील. पण मग कोकीळ येते, ती आपली नव्हे, तिकडची ककू. ती या रानातून त्या रानात चोरासारखी पळते, वाऱ्यात ससाण्यासारखी क्षणभर थबकते, लांब शेपूट थरथरतं, आणि मगच फरच्या झाडांच्या उतारावर उतरायचं धाडस करते. शिवाय ती अंडं जमिनीवर घालून चोचीने दुसऱ्याच्या घरट्यात नेते की कसं, हा जाणकारांतला वादही येतो. म्हणजे अज्ञानाच्या सुखावर लिहिणाऱ्याने पक्ष्याची माहिती घेतलेली आहे. ती थरथरणारी शेपूट काढून टाक, निबंध लगेच पोकळ होतो.

म्हणून खिशात मावेल अशी वही ठेव. रोज तीन नोंदी, प्रत्येकी दोन ओळी: काय दिसलं, काय ऐकलं, कशाची किंमत किंवा माप किती. मत लिहायचं नाही, मत नंतर आपोआप येतं. 'बाजारात गर्दी होती' ही नोंद फुकट. 'भाजीवालीने जुड्या ओल्या गोणपाटाखाली ठेवल्या होत्या, मागितली की एकच काढायची' ही कामाची. रविवारी एकवीस नोंदी वाचून तीन-चारांखाली रेघ मार. त्यातली एक लेखाला पुरते. दोन घेतल्यास की बहुधा लेख दुभंगतो.

आठशे शब्दांचा लेख हवा असेल तर अकराशे लिही. पहिल्या मसुद्यातले सुरुवातीचे दीडशे शब्द बहुतेक वेळा घसा खाकरण्यात गेलेले असतात, ते काढ. बाकीची दीडशे विशेषणांत आणि दोनदा सांगितलेल्या गोष्टीत सापडतात. मोठ्याने वाच. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोड. आणि ऐनवेळी जाहिरात आली तर पान लावणारा माणूस मजकूर खालून कापतो हे विसरू नकोस. सगळा जीव शेवटच्या चार ओळींत ठेवलास तर छापून येईल ते मुंडकं नसलेलं धड.

परीक्षणाचं काम आलं तर नाही म्हणू नकोस. लिंड यांची 'ओल्ड अँड न्यू मास्टर्स' (१९१९) आणि 'द आर्ट ऑफ लेटर्स' (१९२०) ही साहित्यावरच्या लेखांचीच पुस्तकं. पुस्तक पूर्ण वाच, खुणेचे पृष्ठक्रमांक शेवटच्या कोऱ्या पानावर टिप, उतारा पुस्तक समोर ठेवूनच उतरव. आठवणीतून उतरवलेल्या ओळीत एखादा शब्द हमखास बदलतो, आणि नेमकी तीच चूक दाखवणारं वाचकाचं पत्र संपादकाकडे येतं. मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून लिहिणं तर करूच नकोस, ती वाचकाची फसवणूक आहे.

राजकारणाचा राग आला तर? लिंड आयरिश स्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९१६ मध्ये ब्रिटिशांनी गोळ्या घातलेले आयरिश बंडखोर नेते जेम्स कॉनली यांच्या लेखनाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. तो राग त्यांनी त्या जागी पूर्ण ताकदीने लिहिला. तूही तसंच कर: कागदपत्रं, तारखा जमव आणि स्वतंत्र लेख लिही. पावसावरच्या निबंधात मंत्र्याला टोमणा मारलास तर पाऊसही जातो आणि टोमणाही बोथट होतो.

पुढच्या पत्रासोबत लेख पाठवू नकोस. वहीची सात दिवसांची पानं पाठव, खाडाखोड तशीच ठेवून, आणि कुठल्या नोंदीखाली रेघ मारलीस तेही दिसू दे.

तुझं भलं चिंतणारं,
एक जुनं उपसंपादकी टेबल