जुन्या सॅन स्टॉर्मवर पैसे घालायचे तर आधी कुठे?

भावा, नाद खुळा! कोल्हापुरात उघडी गाडी म्हटली की लोकांना दसऱ्याच्या सोहळ्यातली राजघराण्याची मेबॅक गाडीच आठवते, आणि तू सरळ सॅन स्टॉर्म, आपल्याकडं बनलेली ती छोटी दोन दारांची उघडी गाडी, दारात आणून उभी केलीस. तू विचारलंयस की हातात ६० हजार आहेत, तर फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर, कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) आणि मोठी अलॉय चाकं यांतलं आधी काय बसवू. अकरा वर्षं हीच गाडी सांभाळतोय, म्हणून स्पष्ट सांगतो: यातलं काहीच नको.

इंजिन रेनॉचं १.२ लिटर, ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास. सायलेन्सर बदलून त्यात जाणवेल एवढी भर पडत नाही, आवाज तेवढा वाढतो. शिवाय हूड, म्हणजे वरचं कापडी छप्पर, उघडं असलं की मागची हवा काचेमागे परत आत ओढली जाते आणि धूर आपल्याच नाकात. पोलिसांची पावती ती वेगळीच.

आधी अर्थिंग बघ. गाडीची बॉडी फायबरची. पत्र्याच्या गाडीत बल्बची अर्थ वायर जवळच्या पत्र्याला आवळली की काम भागतं. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी ओढून आणावी लागते. माझ्या गाडीत आधीच्या मालकाच्या वायरमननं ती स्क्रूनं फायबरलाच मारली होती! आंबा घाटात, जुलैच्या पावसात, उजवा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकायचा. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला काय कळत असेल, देव जाणे. शेवटी उद्यमनगरातून तांब्याच्या दोन पट्ट्या कापून आणल्या, एक पुढं, एक मागं. सगळ्या अर्थ वायरींच्या टोकांना लग (धातूच्या कड्या) लावून त्या पट्ट्यांवर घेतल्या आणि तिथून जाड केबल थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. रविवारचा एक दिवस गेला, खर्च किरकोळ, आणि पुन्हा तक्रार नाही.

त्याच दिवशी हेडलाइटला रिले टाकून घे, म्हणजे दिव्याचा करंट स्विचमधून न जाता बॅटरीवरून थेट येतो. जुन्या वायरी आणि स्विच यांतच व्होल्टेज गळतं. बल्बला दीड व्होल्ट कमी पोचला तर उजेड जवळपास एक तृतीयांशानं उतरतो. लोक मग १०० वॉटचे बल्ब घालतात आणि होल्डर वितळवून बसतात. रिले असेल तर साधा ६०/५५ वॉटचा बल्बसुद्धा गगनबावड्याच्या धुक्यात पुरतो. (धुक्यात अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारायचा नाही, हे तुला सांगायला नको.)

त्यानंतर हूड. तयार मिळेल ही आशा सोड. जीपची हूडं शिवणारा कारागीर गाठ, पण जुनं हूड फेकू नकोस, उसवून त्याचाच फर्मा करायला सांग. साधं रेक्झिन घडीवर तडकतं. आत रबराचा थर असलेलं कॅनव्हास महाग पडलं तरी तेच घे. दोरा पॉलिस्टरचाच हवा, सुती दोरा पाण्यानं कुजतो. शिवणीवर आतून सीलंट फिरवून घे, कारण पाणी कापडातून कमी आणि सुईच्या भोकांतून जास्त येतं. मागची प्लास्टिकची काच दुमडताना मध्ये जुना टॉवेल ठेवत जा. आणि हूड ओलं असताना कधीच घडी घालायची नाही, आठ दिवसांत बुरशी.

टायरची नक्षी बघून फसू नकोस. टायरच्या बाजूवर DOT (डॉट) अक्षरांनंतर जो कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे वाच: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. आपल्या असल्या गाड्या फिरतात कमी आणि उभ्या जास्त, त्यामुळे नक्षी नवी आणि रबर दगड. मूळ मापाचेच टायर घे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दर दोन वर्षांनी, आणि ब्रेकचे रबरी होज (नळ्या) एकदा सगळे बदलून टाक.

पैसे उरले तर सीटमागे पॉलिकार्बोनेटची आडवी पट्टी बसव. मानेमागचा वारा थांबतो, बायको पन्हाळ्यापर्यंत न कुरकुरता येते. ॲक्रिलिक नको, फुटलं तर धारदार तुकडे होतात. रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) मात्र ग्रिलवाल्याकडून नको रे बाबा. तो खालच्या पोलादी सांगाड्याला बसला तरच उपयोगाचा. फायबरला बोल्ट मारलेला रोलबार गाडी उलटल्यावर बोल्टासकट उपटून येतो.

आणि बदल करण्याआधी आरसी काढून तारीख बघ. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या फेरफाराबद्दल आहे, तपासणीच्या दिवशी ते नेमकं आठवतं.

हूड शिवायला टाकायला जाशील तेव्हा आतल्या दांड्यांच्या बिजागऱ्या सैल आहेत का ते बघ आणि फोटो इथं टाक. सैल असतील तर आधी त्यांच्या पिना लेथवर करून घेऊ, नाहीतर नवं कापड पहिल्याच महिन्यात कोपऱ्यात फाटेल.