परदेशात एमबीबीएस करताना पोस्टिंगमध्ये पेशंटला खरंच हात लावू देतात का?

तुम्ही विचारलंय की जॉर्जियात हॉस्पिटलच्या पोस्टिंगला काही शिकायला मिळतं, की नुसतं कोपऱ्यात उभं राहायचं. मी तिबिलिसीत पाचव्या वर्षाला आहे, मूळचा लातूरचा. पहिले चार-पाच महिने मी नुसताच उभा होतो.

एका कॉटभोवती आम्ही दहा-बारा जण, सगळे आपल्याकडचे. मॅडम पेशंटशी पाच मिनिटं जॉर्जियनमध्ये बोलणार आणि वळून आम्हाला इंग्रजीत सांगणार, "छातीत दुखतंय, दोन दिवस झाले." बाकीचं संभाषण कुठे गेलं ते विचारायची सोय नाही. मागची रांग मोबाईलवर. शिकवणं इंग्रजीतून असतं हे एजंट सांगतो. पेशंट इंग्रजी बोलत नाहीत हे सांगत नाही. वयस्क माणसांना रशियन येतं, त्याचा आपल्याला काय उपयोग? केसपेपरही जॉर्जियनमध्ये, आणि डॉक्टरांचं अक्षर तिथेही डॉक्टरांचंच.

तेव्हा हात लावू देतात, पण आधी तोंड उघडावं लागतं. मी पाच-सहा वाक्यं पाठ करून सुरुवात केली. 'साद ग्टकिवात?' म्हणजे कुठे दुखतंय, 'सित्सखे गाक्वत?' म्हणजे ताप आहे का. लिपीत ३३ अक्षरं आहेत, आठवड्यात होतात. उच्चारांत आपण मराठी लोक जरा फायद्यात असतो. चहातला च आणि चाकातला च, जेवणातला ज आणि जाळ्यातला ज, हे फरक आपल्या जिभेला आधीच येतात. माझ्या हिंदी भाषिक रूममेटला ते करताना घाम फुटायचा. मात्र घशाच्या पार तळातून येणारा त्यांचा एक 'क' आहे, तो मला अजून जमलेला नाही. नर्सबाई तो माझ्याकडून मुद्दाम वदवून घेतात आणि हसतात.

आता माझी फजिती. कार्डिऑलॉजीत एका आजीची हिस्ट्री घेत होतो. त्या म्हणाल्या, "मामास इन्फार्क्टी ह्कोन्दा." मला वाटलं, अरे वा, सगळं कळलं! मामांना हार्ट अटॅक. तसंच लिहून केस प्रेझेंट केली. मॅडम आधी गोंधळल्या, मग खुर्चीत बसून हसल्या. जॉर्जियनमध्ये 'मामा' म्हणजे वडील आणि आईला म्हणतात 'देदा'. विभक्तीचा 'स'सुद्धा नेमका आपल्यासारखा निघाला, तिथेच फसलो. हसण्यावारी गेलं खरं, पण वडिलांना पंचावन्नच्या आत झटका आला असेल तर तो पेशंटसाठी धोक्याचा मुद्दा असतो. मामांचा तेवढा धरत नाहीत. आजींना हा किस्सा कळल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच बोलावलं, स्टेथोस्कोप लाव म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जास्तीचा आवाज, नीट ऐकला तो त्यांचा. तिथे डॉक्टरला 'एकिमी' म्हणतात, आपल्या हकीमच्याच नात्यातला शब्द. त्या मला 'एकिमो' अशी हाक मारायच्या.

त्यानंतर बीपी, ईसीजी, रक्त काढणं हळूहळू मिळत गेलं. टाके फक्त दोनदा, तेही सर शेजारी उभे असताना. जास्तीची अपेक्षा ठेवू नका.

नियमांचं थोडक्यात: एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२१च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा कोर्स, त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, मग भारतात परत १२ महिने. मधे एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्यांसाठीची भारतातली परीक्षा; पास व्हायला ३०० पैकी १५० गुण. प्रवेश घेण्याआधी ताजे नियम स्वतः वाचा, एजंटच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

एक अडचण मात्र भाषा शिकून सुटत नाही. तिथे हेपॅटायटिस सी भरपूर बघायला मिळतो, कारण २०१५पासून सरकारने तो संपवायचा कार्यक्रमच घेतलाय. पण मलेरिया नाही. जानेवारी २०२५मध्ये डब्ल्यूएचओने जॉर्जियाला मलेरियामुक्त जाहीर केलं. सर्पदंश, डेंग्यू, कीटकनाशक प्यायलेला शेतकरी, हे पेशंट मला वॉर्डात एकदाही भेटले नाहीत आणि परत आल्यावर रोज भेटणार आहेत. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावाकडे ओळखीच्या डॉक्टरकाकांकडे जाऊन बसतो. गेल्या वर्षी मण्यार चावलेला पहिला पेशंट तिथेच पाहिला. जखम जवळजवळ दिसतच नव्हती, आणि त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या.