यादी घेऊन जाऊ नकोस (मंडळातलं स्थळ, पहिली भेट)

मित्रा, तुझी पोस्ट तीनदा वाचली. वधूवर मंडळातून आलेलं स्थळ, घरच्यांना सांगून रविवारी पुण्यात डेक्कनला दोघंच भेटणार, आणि तू विचारतोयस की काय काय विचारू, कोणीतरी यादी द्या. त्या यादी शब्दापाशीच अडकलो, कारण 2019 मध्ये मी नेमका तिथेच होतो.

कपडे, वेळेवर पोचणं, फोन खिशात ठेवणं यावर लिहीत नाही, ते तुला कळतंच.

माझं नाव ज्या वधूवर सूचक मंडळात होतं (नाव नको विचारूस) तिथल्या बाईंनी मला छापील कागद दिला होता, वीसेक प्रश्न. पॅकेज किती, कर्ज आहे का, बदली चालेल का, सासू-सासऱ्यांबरोबर राहणार का, स्वयंपाक येतो का. म्हणाल्या पहिल्याच भेटीत सगळं क्लिअर करून घ्या, नंतर भानगड नको. आणि मी अगदी मनापासून तेच केलं, कॉफी येईपर्यंत आठ प्रश्न झाले होते. ती शांतपणे उत्तरं देत होती. मध्येच म्हणाली की शनिवारी ती आजीला मंडईत घेऊन जाते, आजीला अजून स्वतः घासाघीस करून भाजी घ्यायला आवडते, आणि मी 'अच्छा' म्हणून पुढच्या प्रश्नावर गेलो. उठताना ती म्हणाली, "तुम्हाला माझ्याबद्दल काहीच विचारायचं नव्हतं का?" मला तेव्हा कळलंच नाही, तासभर तेच तर चाललं होतं ना असं वाटलं. रात्री तिचा बायोडाटा परत काढला तर निम्म्याहून जास्त उत्तरं त्यातच होती. आजी नव्हती त्यात.

बरं, इथवर निस्तरता आलं असतं. पण मी तिचा नंबर मागितला नाही, कारण मंडळाचा नियम, होकार येईपर्यंत निरोप आमच्यामार्फतच. सोमवारी मी मंडळात फोन करून स्पष्ट सांगितलं की मला परत भेटायचंय, माझ्याकडून नीट बोलणं झालं नाही, तेवढं त्यांना कळवा. कळवतो म्हणाले. तीन आठवडे काहीच नाही, दर वेळी 'मॅडम बाहेर गेल्यात'. नंतर एका ओळखीच्यांकडून कळलं की तिच्या घरी निरोप गेला होता 'मुलाकडचे अजून दोन-तीन स्थळं बघतायत'. याचा राग मला आजही येतो, आमचे पैसे घेऊन आमचंच वाक्य बदलून सांगायचं म्हणजे काय! म्हणून सांगतो, निघताना तिला सरळ विचार की घरी पोचल्यावर मेसेज केला तर चालेल का. नाही म्हणाली तर विषय संपला, पण जे सांगायचंय ते तिथेच तोंडाने सांगून ये.

घर, नोकरी, आईवडील हे विचारूच नको असं नाही हां. विचारायलाच हवं, पण माझं मत, दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत ती जे आपणहून बोलेल त्याचाच धागा धर. मी काही समुपदेशक नाही, आणि ॲपवरून भेटणाऱ्यांचं गणित वेगळं असेल, मला त्याचा अनुभव नाही.

जागेचं म्हणशील तर रविवारी संध्याकाळी एफसी रोडला हॉटेलात बसू नकोस, खुर्चीमागे लोक उभे असतात, कोण मोकळं बोलणार? 2022 मध्ये बायकोला पहिल्यांदा भेटलो ते जंगली महाराज रोडवरच्या पाताळेश्वरला. आठव्या शतकातलं कातळात कोरलेलं मंदिर, समोर गोल नंदीमंडप, आवारात वडाची सावली, माणसांची ये-जा असते त्यामुळे मुलीलाही अवघडल्यासारखं होत नाही. दुपारी चारला भेटा, मग तिथून चालत चहाला जा. बिल तिने देते म्हटलं तर देऊ दे, ओढाताण करू नको.

आणि गाडी नेणार असशील तर पी-1 पी-2 ची (सम-विषम तारखेच्या पार्किंगची) पाटी आणि तारीख बघून लाव, नाहीतर टोइंगवाले उचलून नेतात. त्यापेक्षा मेट्रोने संभाजी उद्यानला उतर आणि चालत जा.